उजेडातली काळी पट्टी

मी लिफ्टची कामं करतो. नवीन बसवणं कमी, दुरुस्ती जास्त. त्या हिवाळ्यात एका इस्पितळातल्या लिफ्टचं दार नीट मिटत नव्हतं. दाराच्या खोबणीत अडकलेला कचरा काढत मी गुडघ्यांवर बसलो होतो, तेव्हा भाऊजींचा फोन आला. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान.

"तुझ्या ताईला थोडे दिवस तुमच्याकडे घेऊन जा," ते म्हणाले. "जमेल तितक्या लवकर ये."

"भांडलात की काय?"

"नाही."

"ती बरी आहे ना?"

"हो."

"आणि तुम्ही?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "माझी तब्येत चांगली आहे."

मला खटकलं ते वेगळंच. त्यांनी मला लिफ्टराव म्हटलं नाही. ताईचं लग्न ठरलं तेव्हापासून मी लिफ्टरावच. ते राहायचे वर उत्तरेला, पार ध्रुवाच्या बाजूला, मी खाली शहरात. त्यामुळे फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय लिफ्टराव, वर येताय का?" आणि या शिळ्या विनोदावर आधी स्वतःच हसायचे. असे गडगडाटी, की फोन कानापासून लांब धरावा लागे. त्या दिवशी नुसतं "ये" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी रजा टाकली, मालकांकडून कामाची गाडी मागून घेतली आणि निघालो. सामान आणायचं, बहिणीला आणायचं, एवढंच काम. तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. दुपार म्हणायची ती घड्याळापुरती. तिकडे भर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. जेवायच्या वेळेला दक्षिणेकडे थोडं निळसर होतं, तोच दिवस. मग पुन्हा अंधार. गाडीतून उतरलो तर आवाज म्हणून कसला नाही. बर्फावर माझेच बूट करकरत होते, आणि हवेला लोखंडासारखा वास होता.

ताई आणि भाऊजी तिथल्या वेधशाळेत होते. थंड प्रदेशात आकाशात हिरव्या-लाल उजेडाचे पट्टे उमटतात, त्यांचे फोटो घेणं, मोजमाप ठेवणं, हे दोघांचं काम. एका टेकडीवर ठेंगणी इमारत. अर्ध्या भागात घर, अर्ध्या भागात यंत्रं, वर सपाट गच्ची. अधूनमधून कुणी दुरुस्तीला येई. एरवी दोघंच.

दार ताईनं उघडलं. वाळली होती. "आलास," म्हणाली आणि माझी बॅग घेतली. तिच्या मागे भाऊजी उभे होते. त्यांनी हात पुढे केला. हात गरम होता, पकड नेहमीसारखी.

"प्रवास ठीक झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"बस. चहा होईल."

आणि ते चहा करायला गेले. मला किती साखर लागते हे त्यांना बरोबर आठवत होतं.

ते यंत्रांच्या खोलीत गेल्यावर ताई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता.

"हे कधी झालं?"

"मागच्या आठवड्यात. उकळतं पाणी सांडलं." तिनं बाही खाली ओढली. "ते धावत आले. नळाखाली हात धरला, मलम लावलं, पट्टी बांधली. सगळं बरोबर केलं. पण तोंडातून एक 'अगं' निघालं नाही रे."

मी माझा कप विसळायला घेतला.

"भांडतसुद्धा नाहीत. मी मुद्दाम जेवण अळणी करून पाहिलं. गुपचूप जेवले. डॉक्टरांना दाखवलं, तर म्हणतात सगळं उत्तम आहे. झोप लागते, भूक लागते." ती हे सगळं पत्ता सांगावा तसं सांगत होती. "आधी मी रडायचे. आता मलाही काही होत नाही. संसर्ग असतो बहुतेक."

"भाऊजींनी मला बोलावलंय. तुला घेऊन जायला."

"माहीत आहे. मी येणार नाही. आजारी माणसाला टाकून कुणी जातं का?"

थोड्या वेळानं भाऊजींनी मला आत बोलावलं. ते यंत्रांच्या खोलीत खुर्चीत बसले होते. पडद्यावर गोल चित्र होतं, ताटासारखं. गच्चीवरच्या कॅमेऱ्यातून सगळं आकाश एकदम दिसतं, त्याचं ते चित्र. ताटाच्या एका कडेजवळून दुसऱ्या कडेपर्यंत हिरवी कमान गेली होती. हलत नव्हती. कुणी खडूनं ओढून ठेवावी तशी.

"ही शांत कमान," भाऊजी म्हणाले. "पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत. शेकडो मैल लांब असते. जाडी मात्र अगदी कमी. तासन्‌तास अशीच राहू शकते."

पूर्वी हेच सांगताना ते उठून हातवारे करायचे. मी म्हटलं बोलू द्यावं, बोलता बोलता मोकळे होतील.

"हा उजेड येतो कुठून?"

"सूर्याकडून कणांचा वारा येतो. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला अडवतं. मग पाठीमागच्या बाजूला, रात्रीच्या बाजूला, साठा होतो. तिथून इलेक्ट्रॉन चुंबकाच्या रेषा धरून खाली उतरतात. शेवटच्या टप्प्यात त्यांचा वेग वाढवला जातो. साठ-सत्तर मैलांवर विरळ हवा असते, तिथे ते आपटतात. ऑक्सिजनला धक्का बसला की तो हिरवा उजेड देतो. त्याहून वर लाल."

"वर लाल का?"

"लाल उजेड द्यायला अणूला वेळ लागतो. जवळजवळ दोन मिनिटं. तेवढा वेळ त्याला कुणी धक्का मारायला नको. खाली गर्दी असते. उजेड द्यायच्या आधीच कुणीतरी आपटतं आणि राहून जातं." ते थांबले. "खूप उंचावर अणू एकटा असतो. म्हणून तिथे लाल."

पडद्यावरची कमान किंचित उजळली. त्यांनी बोट टेकवलं.

"साठा जास्त झाला की कमान आधी दक्षिणेकडे सरकते. मग उजळते, तिच्यात उभे दांडे दिसायला लागतात. मग घड्या पडतात, वळसे पडतात आणि ती फुटते. सगळं आकाश भरून जातं. सगळं मिळून काही मिनिटं. त्यानंतर फिकट पसारा उरतो. धुकं असतं तसा." बोट तिथेच होतं. "आणि त्या धुक्यात कधी कधी काळ्या पट्ट्या असतात."

"काळ्या म्हणजे? तिथे उजेड नसतो?"

"नुसता नसतो असं नाही. जे खाली येतं त्याच्या बदल्यात काहीतरी वर जावं लागतं. विजेचं वर्तुळ पुरं व्हायला हवं. उजळ पट्टीत इलेक्ट्रॉन खाली येतात. काळ्या पट्टीत वर खेचले जातात."

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. लिफ्ट खाली येते तेव्हा मागच्या बाजूनं वजन वर जातं. मी तसं म्हटलं.

"तसंच समज."

"पण वर जातात ते फक्त इलेक्ट्रॉनच ना?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या यंत्रांना तेवढंच मोजता येतं," ते म्हणाले.

त्या दिवशी कमान लवकर फुटली. संध्याकाळचे पाचही वाजले नसतील. सूर्यावर आदल्या दिवशी काही उसळलं होतं म्हणे. पडद्यावर हिरव्याचे वळसे धावू लागले, कडांना गुलाबी झालर आली, आणि तेवढ्यात चित्र एका बाजूनं पांढुरकं व्हायला लागलं. कॅमेऱ्यावर प्लास्टिकचा घुमट असतो. तो गरम ठेवणारी तार बिघडली होती. घुमटावर हिमाचा थर धरत होता.

भाऊजी उठले. स्पिरिटची बाटली आणि फडकं घेतलं.

ताई दारात आली. "जाऊ द्या ना आज. नाही मिळाले फोटो तर नाही मिळाले."

"पुसायला हवं," ते म्हणाले.

"मी जातो बरोबर," मी म्हणालो. उंचावर काम करायची मला सवय. ताईनं फक्त माझी टोपी कानांवरून खाली ओढली, लहानपणी शाळेत सोडताना ओढायची तशी.

"तू वर येऊ नकोस," भाऊजी तिला म्हणाले. हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

गच्चीवर जायला लोखंडी जिना होता. वरचं झाकण उघडलं तर थंडीनं दात दुखले. आकाशात फुटायचं ते फुटून झालं होतं. सगळीकडे फिकट हिरवा पसारा होता, मंद, किंचित धडधडणारा. त्या उजेडात बर्फ, कठडा, भाऊजींचा चेहरा, सगळ्याला एकच रंग आला होता. भाऊजी वाकून घुमट पुसू लागले. फडक्याचा चुरचुर आवाज आणि स्पिरिटचा वास. मी टॉर्च धरून उभा होतो.

मग उत्तरेकडून ती आली.

मला आधी वाटलं तार असावी. पसाऱ्यातून एक काळी रेघ हळूहळू सरकत होती. जवळ आल्यावर ती पट्टी झाली. तिच्या दोन्ही बाजूंना हिरवं होतं, मधे नव्हतं. मधे तारे स्वच्छ दिसत होते, बाकी आकाशापेक्षा जास्त स्वच्छ. पट्टी डोक्यावर यायला लागली तसा एकेक आवाज बंद झाला. फडक्याचा. माझ्या कोटाचा. शेवटी माझ्या श्वासाचा. तोंडातून निघालेली वाफ पसरत नव्हती. दोऱ्यासारखी सरळ वर चालली होती.

मी घाबरलो होतो. मग घाबरणं कमी व्हायला लागलं. नळ बंद केल्यावर धार बारीक होत जाते, तसं. मला ते कळत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

तेवढ्यात वरून कुणीतरी हसलं.

फार उंचावरून. पण स्पष्ट. गडगडाटी हसणं, फोन कानापासून लांब धरावा असं. हसू ओसरलं आणि तोच आवाज म्हणाला, "काय लिफ्टराव... वर येताय का?"

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. ते घुमट पुसत होते.

"भाऊजी..." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "वर कोण आहे...?"

"मी," ते म्हणाले.

त्यांनी फडकं खाली ठेवलं, माझी मान धरून खाली वाकवली आणि मला झाकणातून जिन्यात ढकललं. मागून स्वतः आले. झाकण बंद केलं. अंधारात जिन्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो. खाली स्वयंपाकघरात ताई भांडी लावत होती, त्याचा आवाज पुन्हा येऊ लागला.

"हिवाळ्याच्या सुरुवातीला असाच पुसत होतो," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "पट्टी डोक्यावर आली. मी मान वर करून बघत राहिलो. सुंदर होती. खाली आलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी तुझी ताई बर्फावर घसरून पडली. मी धावलो. धावताना लक्षात आलं की नवऱ्यानं धावायचं असतं म्हणून मी धावतोय."

"तिला सांगा हे."

"सांगितलं तर ती गच्चीवर येईल. आवाज ऐकेल. मग मान खाली करणार नाही."

हे खरंच होतं.

"मला आता काही वाटत नाही," ते म्हणाले. "पण आठवतं. तिला काही होऊ नये, असं मला वाटायचं. फार वाटायचं. किती, ते आठवतं. त्या आठवणीवर मी चालवतोय. ती किती पुरेल ते माहीत नाही. पुरतेय तोवर तिला घेऊन जा."

जिन्यात अंधार होता म्हणून त्यांचा चेहरा दिसला नाही. दिसला असता तरी त्यावर काही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे अंधारातच, ताई ओट्याशी उभी राहून म्हणाली की ती कुठेही जाणार नाही. भाऊजी टेबलाशी बसून अंडं सोलत होते. त्यांनी ते खाली ठेवलं, हात पुसले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "तू गेलीस तर मला काही वाटणार नाही."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग आत जाऊन कपडे भरायला लागली.

गाडीपाशी त्यांनी तिच्या पायावर घोंगडी टाकली, पट्टा लागलाय का पाहिलं, गरम पाण्याचा थर्मास दिला. सगळं बरोबर. आम्ही निघालो तेव्हा ते हात हलवत उभे होते, आणि आरशात दिसेनासे होईपर्यंत त्यांचा हात हलत होता.

ताई रडली नाही. उजाडलेलं आकाश पहिल्यांदा दिसलं तिथे पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा तिनं विचारलं, "खोटं बोलले ना ते?"

मी म्हणालो, "नाही."

खरं होतं ते. पण तिचा चेहरा पाहून दुसऱ्या माणसाला हा शब्द मागे घ्यावासा वाटला असता. मी पैसे देऊन गाडी सुरू केली.

ताई आमच्याकडेच राहिली. एका शाळेत गणित शिकवू लागली. दर रविवारी भाऊजींचा फोन येई. वेळेवर जेवतेस का, पाऊस आहे का, शाळा कशी आहे. ती उत्तरं देई. माझं म्हणाल तर एवढाच फरक पडला, की लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते त्या खोल विहिरीत उतरताना पोटात एक गोळा यायचा तो येईनासा झाला. आमच्या धंद्यात तो गोळा हवा असतो. त्यानंच हात कमरेला बांधायच्या सुरक्षा पट्ट्याकडे जातो. आता मी पट्टा आठवणीनं लावतो. विसरू नये म्हणून बायको सकाळी डब्याबरोबर तेही बजावते.

उन्हाळ्यात भाऊजी आले. त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळतच नाही, आकाश काळं होत नाही, त्यामुळे फोटोचं काम बंद असतं. "मग कमानी पण थांबतात का?" माझ्या बायकोनं जेवताना विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "चालूच असतात. दिवसा दिसत नाहीत, एवढंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बाजारात निघालो. भर दुपार, लख्ख ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. आमचं शहर इतकं दक्षिणेला आहे की तिथे तो उजेड कुणी कधी पाहिलेला नाही. चौकात सिग्नल लागला. ताई पिशवी सावरत थांबली. भाऊजी तिच्या शेजारी. मी दोन पावलं मागे.

भाऊजींनी तिचा कोपर धरला आणि तिला हळूच बाजूला घेतलं.

"इथे नको. इकडे उभी राहा."

ताईनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिला आपण होऊन हात लावला होता. तिच्या गालांवर रंग आला.

तिनं सोडलेल्या जागी एक बाई येऊन उभी राहिली. फोनवर बोलत होती, कुणाची तरी नक्कल करून सांगत होती आणि हसत होती, पोट धरून. हसता हसता तिचा आवाज बारीक झाला. मग ती म्हणाली, "हं." थोड्या वेळानं म्हणाली, "नाही, काही नाही... ठीक आहे." सिग्नल सुटला. ती सगळ्यांबरोबर रस्ता ओलांडून गेली. फोन कानालाच होता आणि पलीकडचं माणूस काहीतरी विचारत होतं.

मी वर पाहिलं. निळं आकाश होतं. दुसरं काही नव्हतं.

"बघितलंस?" ताई मागे वळून मला म्हणाली. आवाज कापत होता तिचा. "काळजी घेताहेत माझी."

बाजार फार लांब नाही तिथून. पण तेवढ्या वाटेत भाऊजींनी तिला पुन्हा पुन्हा कोपराला धरून कधी डावीकडे घेतलं, कधी उजवीकडे, कधी नुसतंच जागेवर थांबवलं. प्रत्येक वेळी आधी त्यांची नजर वर जायची.

मी त्यांच्या मागोमाग सरळ चालत होतो. मला त्यांनी एकदाही बाजूला घेतलं नाही.